डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी इंजिनियर मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

कँटन, नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, ॲन आर्बर, जिथे कुठे असाल तिथे. दिवसभर कुणाच्या तरी गाडीचा एखादा ब्रॅकेट, एखादा सेन्सर, एखादं सील डिझाइन करायचं, टेस्ट रिपोर्ट लिहायचे, सप्लायरशी फोनवर वाद घालायचे आणि संध्याकाळी पोरांना क्लासला सोडायचं, असं आयुष्य असलेले आपण इकडे भरपूर जण आहोत. मीही तुमच्यातलाच, गाड्यांच्या कूलिंगवर काम करतो, आणि हे पत्र मुद्दाम तुम्हालाच लिहितोय कारण मला जे मागायचंय ते द्यायची ताकद तुमच्याकडे आहे.

मागणं एकच आहे. या शहराच्या आजूबाजूला ज्या दुर्मिळ, वेगळ्याच डोक्याने बनवलेल्या जुन्या अमेरिकन गाड्या अजून शिल्लक आहेत त्या चालत्या ठेवायला हात लावा. नुसतं बघायला या असं नाही म्हणत मी. पाना घेऊन या.

कुठल्या गाड्या ते आधी सांगतो, नाहीतर लगेच मस्टँग आणि कॅमॅरो डोळ्यापुढे येतात. त्या छानच आहेत, वाद नाही, पण त्यांना आपली गरज नाहीये. त्यांच्यामागे लाखो लोक आहेत, कॅटलॉग उघडला की दरवाजाच्या रबरापासून आख्ख्या नव्या बॉडीपर्यंत सगळं मिळतं. मी बोलतोय कॉर्व्हेअरबद्दल, ओल्ड्समोबिल जेटफायरबद्दल, वाकलेल्या शाफ्टच्या पॉन्टिॲक टेम्पेस्टबद्दल, स्टिअरिंगच्या मधोमध गिअरची बटणं असलेल्या एड्सेलबद्दल, टकर, हडसन, स्टुडबेकर, कॉर्ड, क्रॉस्ली, कैसर डॅरिन. ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या त्यांना इथे अनाथ गाड्या म्हणतात, आणि काहींची कंपनी आहे पण कंपनीनेच ती कल्पना सोडून दिली, त्या माझ्या लेखी त्याच रांगेत.

कॉर्व्हेअरपासून सुरू करतो कारण माझ्याकडे तीच आहे, १९६४ ची मोंझा नावाची, आणि तिच्याबद्दल बोलायला लागलो की मला थांबवावं लागतं. १९६० साली शेव्हरोलेने ही गाडी काढली. सगळ्या डेट्रॉइटमध्ये इंजिन पुढे, रेडिएटर पुढे, मागे सॉलिड ॲक्सल, असा एकच ठरलेला मसाला चालू होता आणि यांनी इंजिन उचलून मागे टाकलं, सहा सिलिंडर तीन-तीन करून आडवे झोपवले, ॲल्युमिनियमचं, आणि पाणीच नाही, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, कूलंट गळणं नाही. मी रोज ऑफिसात कूलंटच्या सर्किटवर डोकं फोडत असतो त्यामुळे पहिल्यांदा त्या गाडीची मागची डिकी उघडून इंजिन बघितलं तेव्हा मी किती वेळ तसाच उभा होतो मला नाही माहीत. इंजिनाच्या डोक्यावर एक मोठा पंखा आडवा फिरतो, छताच्या पंख्यासारखा पण वरून हवा ओढून खाली सिलिंडरवर ढकलणारा, आणि क्रँकची पुली मात्र उभी, म्हणजे बेल्टला दोन ठिकाणी काटकोनात वळावं लागतं. बेल्ट जास्त ताणला की बेअरिंग आणि बेल्ट दोन्ही लवकर जातात, सैल ठेवला आणि एकदम ॲक्सिलरेटर मारला की उडून जातो. ते बरोबर ताणणं हाताला कळावं लागतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे पण हाताला कळणं वेगळं, आणि ते मला आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त आजोबांनी शिकवलं, ज्यांची नोकरी विलो रनच्या कारखान्यात झाली. कॉर्व्हेअर तिथे बनायची. कँटनवाल्यांनो, तुमच्या घरापासून विलो रन किती लांब आहे? युद्धात तिथे बी-२४ बाँबर बनले, मग कैसर-फ्रेझरच्या गाड्या, मग १९५३ नंतर जीएम, म्हणजे शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स. आपण विमानतळाकडे जाताना रोज त्याच्या जवळून जातो.

आता कॉर्व्हेअर म्हटलं की सगळे एकच गोष्ट सांगतात, ती धोकादायक होती, राल्फ नेडर या ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाने १९६५ मध्ये तिच्यावर लिहिलं आणि गाडी मेली. इंजिनियर माणसाने एवढ्यावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं. १९६० ते ६४ च्या गाड्यांना मागे स्विंग ॲक्सल होता, म्हणजे वळणावर जोरात गेलं आणि मागचं चाक खाली लोंबलं की त्याचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा तिरपेपणा, बदलतो आणि टायर आत दुमडल्यासारखा होतो. वजन मागे, म्हणून कंपनीने टायरमधल्या हवेचा फरक सांगितला होता, पुढे फक्त १५ पीएसआय आणि मागे २६. पंपावर हवा भरणारा माणूस चारही चाकांत सारखीच हवा भरणार, जगात कुठेही असंच होतं, आणि वळताना गाडीचं कलणं कमी करणारा पुढचा अँटी-रोल बार, जो मुळात असायला हवा होता, तो स्टँडर्ड दिला नव्हता. १९६४ ला बार आला, मागे एक आडवी पाटा स्प्रिंग आली, आणि १९६५ ला तर मागचं सस्पेंशन पूर्ण नवं केलं, जे बघून आजही जीव सुखावतो. म्हणजे नेडरने हल्ला केला तेव्हा गाडी सुधारून झाली होती. १९७२ ला सरकारच्याच वाहतूक सुरक्षा संस्थेने तपासून सांगितलं की त्या काळातल्या बाकी गाड्यांच्या तुलनेत ती काही वाईट वळत नव्हती. नेडर चुकीचा होता असं मी म्हणत नाही. जीएमने त्याच्यामागे गुप्तहेर लावले, कंपनीच्या अध्यक्षांना १९६६ मध्ये सिनेटसमोर माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षेचा पहिला मोठा कायदा आला, ज्याच्या जोरावर आज आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या चालतात. पण हा सगळा धडा, की सेफ्टी ही पंपावरच्या माणसाच्या लक्षात राहण्यावर सोपवायची नसते, हा त्या गाडीखाली झोपून, तो ॲक्सल हाताने वर-खाली करून बघितला की जसा डोक्यात बसतो तसा कुठल्याही पीपीटीने बसत नाही. शेवटच्या वर्षी, १९६९ ला, फक्त ६,००० कॉर्व्हेअर बनल्या.

आणि तेव्हाची जीएम बघा ना. १९६० ते ६२ या तीन वर्षांत एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घरांतून मागच्या इंजिनाची हवेवर थंड होणारी गाडी, ॲल्युमिनियमचा व्ही-८, वाकलेल्या शाफ्टची गाडी आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), एवढं सगळं रस्त्यावर आलं. आज एवढं धाडस कुणी केलं तर आपण त्याच्या कंपनीत रेझ्युमे पाठवू.

टेम्पेस्टचं सांगतो. १९६१ ते ६३ ची पॉन्टिॲक टेम्पेस्ट. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे चाकांपाशी, आणि मध्ये दोघांना जोडणारा प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे पाऊण इंचाच्या आसपास जाडीची लांबलचक स्टीलची सळई, आणि ती मुद्दाम मध्ये खाली वाकवलेली, एका ट्यूबमध्ये बसवलेली, युनिव्हर्सल जॉइंट एकही नाही. वाकलेल्या अवस्थेतच फिरते. रोप ड्राइव्ह म्हणतात तिला. का, तर त्यामुळे गाडीच्या मधोमध असलेला उंचवटा खाली बसतो आणि मागे मधला माणूस नीट बसू शकतो. इंजिन कसलं तर ३८९ क्युबिक इंचाच्या व्ही-८ ची अर्धी बाजू कापून केलेलं चार सिलिंडरचं, थरथरणारं, पण व्ही-८ च्याच मशीनवर बनणारं म्हणून स्वस्त. फटीगवर, म्हणजे वारंवारच्या ताणाने धातू थकून तुटण्यावर, काम करणाऱ्यांनो, त्या शाफ्टचं गणित एकदा करून बघा, दर फेऱ्याला बेंडिंगचा स्ट्रेस उलटतोय, वर टॉर्शन म्हणजे पिळाचा ताण, आणि लाखो फेरे, आणि हे सगळं कॉम्प्युटरशिवाय. १९६४ ला हे सगळं काढून साधी नेहमीची गाडी केली, त्यावर मोठं इंजिन बसवून जीटीओ आली, आणि जीटीओ आज सगळ्यांना पाठ आहे. तिच्या आदल्या वर्षीची टेम्पेस्ट शोमध्ये उभी असली तर लोक तिच्यापुढून जीटीओकडे चालत जातात, कारण उभ्या गाडीत तो शाफ्ट दिसतच नाही. खाली एक आरसा ठेवायला हवा, कुणीतरी बाजूला उभं राहून सांगायला हवं. ते कुणीतरी आपण का नाही?

जेटफायर तर माझ्या खास मायेची. १९६२ ची ओल्ड्समोबिल, टर्बो घेऊन बाजारात आलेली जगातली पहिली पॅसेंजर कार, कॉर्व्हेअरची टर्बो मोंझा स्पायडर तिच्या पाठोपाठ लगेचच आली. २१५ क्युबिक इंचाचा ॲल्युमिनियम व्ही-८ आणि पॉवरही २१५ हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन १०.२५, वर टर्बोचा दाब, मग नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकणं, होणारच, म्हणून त्यांनी इंजिनात मेथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटरचं मिश्रण फवारलं. त्याला नाव दिलं टर्बो रॉकेट फ्लुइड. बाटली संपली की एक व्हॉल्व्ह टर्बोचा हा जादा दाब (बूस्ट) बंद करायचा म्हणजे इंजिनाला धक्का नाही, सगळा विचार केलेला होता. पण मालकांनी ती बाटली भरलीच नाही, गाडी ढिली वाटायला लागली, लोक ओरडायला लागले, आणि शेवटी १९६५ मध्ये कंपनीनेच बोलावून बोलावून टर्बो काढून टाकले आणि साधा फोर-बॅरल कार्ब्युरेटर बसवून दिला. दोन वर्षांत मिळून ९,६०७ बनल्या होत्या, त्यातल्या मूळ टर्बो शाबूत असलेल्या आता फारच थोड्या. आणि तेच पाणी फवारायचं तंत्र बीएमडब्ल्यूने २०१६ मध्ये एम-४ जीटीएसमध्ये आणलं तेव्हा आपण सगळ्यांनी किती कौतुकाने लेख वाचले. तो ॲल्युमिनियम व्ही-८ ही नंतर रोव्हरने विकत घेतला आणि इंग्लंडमध्ये पुढे कित्येक वर्षं रेंज रोव्हरमध्ये चालला. माल चांगला होता, इथल्यांना धीर नव्हता. हे माझं मत, पण पक्कं मत.

इलेक्ट्रिकल आणि कंट्रोल्समधल्या ताई-दादांनो, तुमच्यासाठी १९५८ ची एड्सेल. गिअरची बटणं स्टिअरिंगच्या मधल्या गोलात, चाक फिरलं तरी बटणं स्थिर, आणि बटण दाबलं की वायरमधून सिग्नल जाऊन ट्रान्समिशनवरची मोटार गिअर बदलणार. टेलिटच नाव होतं. तुम्ही आज शिफ्ट-बाय-वायर म्हणून जे व्हॅलिडेट करता तेच हे, फक्त १९५८ सालचं. ती मोटार खाली होती, चिखल आणि उष्णता खात, सिस्टिम एका वर्षात बंद. त्याच सुमारास फोर्ड स्कायलायनर, १९५७ ते ५९, जिचं आख्खं स्टीलचं छत उचलून दुमडून डिकीत जायचं, सहाशे फुटांच्या आसपास वायर, मोटारी, रिले आणि लिमिट स्विच, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, एकही चिप नाही. हे चालू करून दाखवणारे आणि बिघडलं तर कुठला रिले ते आवाजावरून ओळखणारे लोक आहेत अजून. किती दिवस असतील?

हाच माझ्या पत्राचा खरा मुद्दा आहे. शोमध्ये गेलं की गाडीच्या मागे खुर्ची टाकून बसलेले बहुतेक मालक सत्तरीच्या पुढचे दिसतात. ते आयुष्यभराचं सगळं सांगायला तयार असतात, एक प्रश्न विचारला की तासभर सांगतात, पण विचारणारे कमी झालेत. त्यांच्या मुलांना गाडी नकोय, त्यात त्यांचाही दोष नाही, जागा नाही, वेळ नाही. मग गाडी विकली जाते, कुणीतरी घेऊन कव्हर घालून ठेवतं, आणि दहा वर्षं उभी राहिलेली गाडी ही बंद पडलेली गाडीच असते. पेट्रोलचं डिंक होतं, ब्रेक सिलिंडर गंजतात, सील वाळतात. गाडी शाबूत पण ती कशी चालायची हे सांगणारा कुणी नाही, असं व्हायला नकोय.

क्रायस्लरच्या टर्बाइन गाड्यांचं काय झालं ते आठवा. १९६३-६४ मध्ये क्रायस्लरने ५५ गाड्या बनवल्या, पिस्टन नाही, गॅस टर्बाइन, बॉडी इटलीत घियाने हाताने केलेली, रंग तांब्यासारखा. त्यातल्या ५० गाड्या २०३ साध्या घरांना तीन-तीन महिने वापरायला फुकट दिल्या, शाळा मास्तर, गृहिणी, सेल्समन कुणालाही. सगळ्यांनी मिळून दहा लाख मैलांच्या वर चालवल्या. डिझेल, रॉकेल, वनस्पती तेल, काहीही घाला, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी टकीला घालून चालवली, फक्त शिशाचं पेट्रोल नको, त्याने टर्बाइनवर थर बसायचा. नुसतं आयडलिंगला अठरा-वीस हजार आरपीएम आणि तरी बॉनेटवर नाणं उभं राहील इतकं स्मूथ. एक्झॉस्टची उष्णता परत आत खेचणारे दोन फिरते रिजनरेटर होते, त्यामुळे मागून निघणारी हवा टर्बाइनच्या मानाने बरीच कमी गरम, आणि थर्मलवाला म्हणून सांगतो, त्यावर एक आख्खा सेमिस्टर शिकवता येईल. मग कार्यक्रम संपला आणि ४६ गाड्या जाळून, चेपून भंगारात. नऊ राहिल्या. त्यातली एक आपल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियमच्या संग्रहात आहे. त्या गाड्यांना मारायचा निर्णय कंपनीने घेतला, आपण काही करू शकत नव्हतो. पण कॉर्व्हेअर, स्टुडबेकर, टेम्पेस्ट या गाड्यांच्या बाबतीत निर्णय कुणी घेतच नाहीये, त्या नुसत्या थांबत चालल्यात.

इप्सिलँटीला गेलात का कधी? आपल्यातले लोक पाहुणे आले की नायगरा, शिकागो, मॅकिनॉ आयलंड करतात. इप्सिलँटीच्या डेपो टाऊनमध्ये एक म्युझियम आहे, पूर्वीचं मिलर मोटर्स, हडसनची शेवटची डीलरशिप, शोरूम अगदी तशीच ठेवलीये, आणि तिथे हर्ब थॉमस या शर्यतवीराची हडसन हॉर्नेट उभी आहे. हॉर्नेटने १९५२ मध्ये नॅस्कार या अमेरिकन शर्यतमालिकेतल्या ३४ पैकी २७ शर्यती मारल्या, त्याही सहा सिलिंडरच्या साध्या, जुन्या पद्धतीच्या फ्लॅटहेड इंजिनावर, कारण गाडीचा तळ खाली होता, माणूस चौकटीच्या आत उतरून बसायचा, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली आणि वळणावर कुणी ऐकत नव्हतं तिला. याच गावात टकर गाडी काढणारा प्रेस्टन टकर राहायचा. त्याने शिकागोला ५१ गाड्या बनवल्या, मागे हेलिकॉप्टरचं फ्रँकलिन इंजिन पाण्यावर थंड होईल असं बदलून बसवलेलं, मधला तिसरा दिवा स्टिअरिंगबरोबर वळणारा, आणि काही गाड्यांत जुन्या कॉर्डचा गिअरबॉक्स, जो इथेच इप्सिलँटीत त्याच्या घराशेजारच्या वर्कशॉपमध्ये सुधारून दिला जायचा. त्याच्यावर खटला झाला, जानेवारी १९५० ला निर्दोष सुटला, तोवर कारखाना गेला होता. ५१ पैकी ४७ आज आहेत. म्हणजे बघा, ज्या गाडीला कंपनी नाही, डीलर नाही, पार्ट नाहीत, ती लोकांनी जिद्दीने जवळजवळ सगळीच्या सगळी वाचवली. लोकांनी ठरवलं तर होतं. याच गावात दरवर्षी फक्त अनाथ गाड्यांचा शो भरतो, नदीकाठच्या पार्कात, आणि तिथे एक माणूस माइकवर प्रत्येक गाडी पुढून जाताना तिची गोष्ट सांगत असतो. मी दरवेळी जातो आणि आपली माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी दिसतात.

मागच्या उन्हाळ्यात सासरे आले होते, त्यांचं बालपण गिरगावात गेलं. त्यांना घेऊन गेलो तर म्हातारा माणूस एका प्लिमथपाशी थांबला आणि म्हणाला, ही तर आमच्या डॉक्टरांची. मुंबईत शिवडीला जीएमचा असेंब्ली कारखाना १९२८ पासून होता, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला क्रायस्लरच्या करारावर डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला १९४७ मध्ये सुरुवात केली, तिन्ही जवळपास एकच गाडी, बिल्ला फक्त वेगळा. तेव्हा डेट्रॉइटचं लोखंड आपल्या घरात आपल्या आधीच येऊन गेलंय. सासऱ्यांनी त्या प्लिमथच्या मालकाला मोडक्या इंग्रजीत विचारलं की कुठल्या साली बदलली ही बंपरची पट्टी, आणि ते दोघं पुढे किती वेळ बोलत होते! दोघांचे कान कमी, दोघांना एकमेकांचं इंग्रजी अर्धं कळत होतं, काही अडलं नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहितीये, कारण मी ज्याला ज्याला सांगतो तो हेच म्हणतो. खर्च. हो, खर्च आहे, पण चार दरवाजांची कॉर्व्हेअर किंवा साधी रॅम्बलर किंवा स्टुडबेकर लार्क ही त्याच काळातल्या मस्टँगपेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि गाडी विकत घ्या असं मी म्हणतच नाहीये, दुसऱ्याच्या गाडीवर काम करा. सेफ्टी. बरोबर आहे, एअरबॅग नाही, क्रंपल झोन नाही, स्टिअरिंगचा दांडा छातीकडे रोखलेला. म्हणून हायवेला नेऊ नका, सीट बेल्ट बसवून घ्या, रविवारी सकाळी गावातल्या रस्त्याने जा. लहान मुलांना मी माझ्या गाडीत बसवून लांब नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नका. प्रदूषण. वर्षाला काही शे मैल चालणारी गाडी आहे ही. मिशिगनमध्ये २५ वर्षांच्या वरच्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते, त्यावर शो, परेड, क्लबच्या सहली आणि टेस्टिंग एवढंच करायचं असतं, फक्त ऑगस्ट महिनाभर हवी तशी चालवता येते. ऑगस्टातच डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची गर्दी असते. आणि शेवटचं, ज्याचा मला खरंच त्रास होतो: "फेल गेलेल्या गाड्या आहेत रे त्या." अरे, आपण दिवसभर फेल्युअरवरच तर काम करतो. डीएफएमईए, म्हणजे डिझाइन कुठे आणि कसं फेल जाईल याचा तक्ता, भरताना कॉलममध्ये जे लिहितो, ते या गाड्यांनी रस्त्यावर भोगलंय. यशस्वी गाडीतून काय शिकायचं ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

काय करता येईल ते सांगतो, मोठी योजना वगैरे नाही. कॉर्व्हेअरच्या इंजिनात व्हॉल्व्ह हलवणाऱ्या पुशरॉडच्या नळ्यांना मूळ जी रबराची ओ-रिंग होती ती उष्णतेने कडक व्हायची आणि तेल गळायचं, आणि हीटर सिलिंडरवरचीच गरम हवा आत घेतो त्यामुळे तेलाचा वास सगळा केबिनमध्ये. पुढे व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराच्या रिंगा आल्या आणि प्रश्न मिटला. असले अजून शेकडो छोटे प्रश्न बाकी आहेत. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुने होस आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम टिकत नाहीत, मटेरियलवाल्यांनो, तुम्हाला कुठलं रबर वापरायचं ते झोपेत माहीत आहे. डाय-कास्टचे छोटे छोटे भाग झिजून तुटतात आणि कुणाकडे ड्रॉइंग नाही, तुमच्यापैकी कितीतरी जण थ्रीडी स्कॅनिंग रोज करता. वायरिंगचे नकाशे फाटलेत, ते नीट काढून द्यायला हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे माणसाच्या डोक्यात आहे ते रेकॉर्ड करून घ्या, फोन स्टँडवर लावा, आजोबांना बोलू द्या, इंजिन चालू असताना ते कान देऊन काय ऐकतात ते विचारा. कॉर्व्हेअरवाल्यांची संघटना १९६९ पासून आहे, स्टुडबेकरवाल्यांची आहे, हडसनवाल्यांची आहे, सगळे नव्या माणसाला प्रेमाने बसवून घेतात, आडनाव कसं उच्चारायचं ते दोनदा विचारतात आणि मग ते तिसऱ्यांदा विसरत नाहीत. हिकरी कॉर्नर्सच्या गिलमोर म्युझियममध्ये मॉडेल टी चालवायला शिकवतात, पोरांना घेऊन जा, कलमझूच्या जवळ, दोन तास. इंडियानातल्या ऑबर्नला कॉर्डचं म्युझियम आहे, साउथ बेंडला स्टुडबेकरचं, तीन तासांच्या आत. आपली जी मुलं शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आहेत त्यांना एकदा कॉर्ड ८१० चा गिअर दाखवा, १९३६ चा, स्टिअरिंगजवळच्या चिमुकल्या खुंटीने गिअर निवडायचा, क्लच दाबला की व्हॅक्यूम आणि सोलेनॉइड मिळून तो पाडतात. त्या मुलांना सोलेनॉइड कळतो, त्यांचे डोळे बघा मग.

आणि म्युझियममध्ये, क्लबमध्ये एक गोष्ट न लाजता मागा: गाडी चालू करून दाखवा. काचेमागची गाडी मला नको असते. इंजिन तापल्याचा वास, पंख्याचा तो घुमणारा आवाज, गिअर पडताना खालून येणारा धक्का, हे सगळं त्या गाडीच्या डिझाइनचाच भाग आहे, आणि ते फक्त चालत्या गाडीत असतं.

माझ्या मोंझाचे दोन्ही कार्ब्युरेटर आत्ता काढून टेबलवर ठेवलेत, एक डावीकडच्या तीन सिलिंडरचा, एक उजवीकडच्या, ते धुऊन, नवी गॅस्केट टाकून बसवायचेत आणि मग दोघांची हवा सारखी करायचीय, त्याला दोन माणसं लागतात, एक मागे आणि एक ॲक्सिलरेटरवर. आजोबा येणार आहेत शिकवायला. शनिवारी सकाळी गॅरेज उघडं असतं. ज्याला यायचंय त्याने मला कळवा, जुने कपडे घालून या, आणि मेट्रिक पाने घरीच ठेवा, इथे सगळे बोल्ट इंचातले आहेत.

आपला,
कँटनचा एक कॉर्व्हेअरवाला